दोन बाजूंना काठ

साईनाथ चहा बशीत ओतून प्यायचा आणि शेवटचा घोट बशीतच ठेवायचा.

कुणी काहीही विचारलं की आधी "व्हय" म्हणायचा. मग विचार करायचा. मग पुष्कळदा "न्हाय" म्हणायचा.

नखाएवढा उरलेला खडूसुद्धा टाकायचा नाही. त्याच्या सगळ्या शर्टांचे खिसे आतून पांढरे होते.

समोरचा माणूस बोलत असला की त्याच्या कपड्याची कड दोन बोटांत धरून चोळायचा. सूत कसलं आहे ते बघायचा. एकदा बँकेतल्या बाईंच्या पदराला हात लावला आणि बोलणी खाऊन आला.

फोनवर "ठेवतो" म्हटल्यावर पाच मिनिटं बोलायचा.

कुणी काही ठासून सांगितलं की म्हणायचा, "शून्य घालून बघ."

नीलमला हे असं सुटं सुटं आठवतं. एकातून दुसरं निघत नाही. ती मराठी घेऊन बी.ए. झालेली. माणसाबद्दल लिहायचं कसं हे तिला शिकवलेलं आहे. पण साईनाथ गेल्याला महिना होत आला तरी तिला एवढंच जमतं. चहा, खडू, कपड्याची कड.

दोघं बेळगावच्या वडगावातल्या एकाच गल्लीतले, एकाच शाळेतले. साईनाथचं घर विणकराचं. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागच्या खोलीत जुना हातमाग. वडील तम्मण्णा, सगळ्यांचे आप्पा, सकाळी लूम सुरू करायचे ते दिवेलागणीपर्यंत. आई बायाक्का धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. त्या खडखडाटात साईनाथ गणित शिकला. एम.एस्सी. झाला आणि जांबोटीच्या अलीकडच्या एका गावात पीयू कॉलेजला, म्हणजे अकरावी-बारावीला, अतिथी शिक्षक म्हणून लागला. पाच वर्षं झाली होती. दर जूनला नव्यानं नेमणूक. तिकडं जाणारी पहिली बस साडेनऊची, तीही आली तर. म्हणून हा सकाळी साडेसहाला बाईक काढायचा.

नीलम खडेबाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात काम करते. गाइडं, वह्या, आलेख-कागद. साईनाथ शनिवारी दुपारी यायचा आणि काउंटरला टेकून उभा राहायचा. गिऱ्हाईक नसलं की तिला गणित सांगायचा. तिनं मागितलेलं नसायचं.

"आप्पा दिवसाला जास्तीत जास्त आठ तास काम करतात असं धर," तो एकदा म्हणाला. "एक्स तास विणायला, वाय तास लूमच्या दुरुस्तीला. दोन्ही मिळून आठाच्या वर जात न्हाय."

त्यानं आलेख-कागदावर दोन अक्ष काढले. आडव्या अक्षावर आठ, उभ्या अक्षावर आठ. दोन्ही जोडणारी तिरकी रेघ मारली.

"पुरे आठ तास भरले तर आप्पा या रेषेवर. जरा आळस केला तर रेषेच्या आत."

"आणि जेवून दिवसभर झोपले तर?"

"तर शून्य-शून्यवर. या कोपऱ्यात." त्यानं तिथं ठिपका दिला. "आता रेषेची कुठली बाजू आपली, ते कळाय पायजे. कोपऱ्यातल्या आप्पांना विचारायचं. शून्य आणि शून्य मिळून आठापेक्षा कमी हाय का? हाय. म्हणजे ती अख्खी बाजू आपली. रंगव."

"एका झोपलेल्या माणसाला विचारून अख्खी बाजू कळते?"

"व्हय." मग थांबला. "न्हाय. रेषाच त्या कोपऱ्यातनं जात असली तर दुसरं कुणीतरी गाठाय लागतंय."

नीलमनं पेन्सिल आडवी धरून ती बाजू रंगवली. दुकानाचे मालक बघत होते. "आलेख-कागद विकायला ठेवलेत," ते म्हणाले. साईनाथनं त्या एका कागदाचे पैसे दिले.

कॉलेजात त्याच्याकडं बारावीची अकरा मुलं होती. सहा मुली, पाच मुलगे. सगळी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. आता पुस्तक इंग्रजी, ऑफिसातलं बोलणं कानडी, आणि साईनाथ सर तेवढे मराठीत समजावून सांगणारे. आदल्या वर्षी तेरापैकी नऊ जण गणितात नापास झाले होते. संस्थेनं त्याला बोलावून सांगितलं होतं की यंदाही असंच झालं तर जूनपासून गणित बंद. मग शिकायचं त्यानं बेळगावला जायचं. साडेनऊची बस गावात पोचून परत फिरते, तिच्यानं बेळगावचं कॉलेज वेळेत गाठता येत नाही. मुलगे कुठंतरी खोली करून राहतील. मुली घरी बसतील. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मोजून बघितलं होतं, अकरापैकी किमान आठ निघायला हवेत.

आणि त्या आठांसाठी त्याची सगळी मदार एका प्रश्नावर होती. असमानतांचा आलेख. सहा मार्क. यात पाठ काही करायचं नाही, फक्त नीट काढायचं. रेषा मारा, शून्य घालून बघा, बाजू रंगवा. वर विचारतात, रंगवलेला भाग चारी बाजूंनी बंद आहे की कुठून मोकळा आहे. बाउंडेड की अनबाउंडेड. एवढं सांगितलं की झालं.

पण वर्गातला फळा सिमेंटचा, ठिकठिकाणी पोपडे गेलेला. त्यावर चौकटी आखण्यातच अर्धा तास जायचा. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तो वडिलांना म्हणाला, "आप्पा, मला फळ्यावर अडकवायला एक कापड विणून द्या. काळं. दोन दोन इंचांवर पांढरी रेघ. उभी आणि आडवी."

"फळ्याला लुगडं?" तम्मण्णा म्हणाले. पण त्यांना बरं वाटलं होतं. पोरगा शिकून शिक्षक झाल्यापासून त्यानं त्यांच्याकडं काही मागितलं नव्हतं.

चार दिवस लूम बंद ठेवून ते हातमागावर बसले. नीलम बघायला गेली तेव्हा त्यांनी कापड उलगडून दाखवलं. काळंभोर, त्यावर वीस बाय वीस पांढरी घरं. आणि चारी बाजूंनी तीन बोटं रुंद लाल काठ, त्यात करवतीची नक्षी.

"नक्षी कशाला आप्पा?" साईनाथ म्हणाला.

"काठ म्हटल्यावर नक्षी नको?"

वर्गाला ते कापड फार आवडलं. रेषेसाठी दोरा ताणून टाचण्या लावायच्या. रेषेवरचे बिंदू धरायचे असले तर सलग दोरा, धरायचे नसले तर गाठी मारलेला. खडू आडवा फिरवून बाजू रंगवायची. तास संपला की दोन पोरांनी बाहेर नेऊन झटकायचं. महिनाभर साईनाथ शनिवारी दुकानात यायचा तो हवेतच असायचा.

डिसेंबरात चाचणी घेतली. त्या शनिवारी तो पेपरांचा गठ्ठा घेऊन आला आणि काउंटरवर ठेवला.

अकरापैकी नऊ जणांनी आलेखाभोवती लाल शाईनं चौकट काढली होती. तिघांनी करवतीची नक्षीसुद्धा. रंगवलेला भाग उजवीकडं आणि वर मोकळा सुटायला हवा होता. तो त्या नऊही जणांनी लाल चौकटीपर्यंत नेऊन थांबवला होता. आणि खाली लिहिलं होतं, बाउंडेड.

नीलमला हसू आलं. त्यालाही आलं. मग त्याचं थांबलं.

"मी राणीला विचारलं," तो म्हणाला. राणी त्याची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. "म्हटलं, हे बंद कशानं झालं? तर म्हणती, सर, काठ हाय की. काठाच्या पलीकडं कापड कुठं हाय?"

"बरोबर आहे तिचं."

"बरोबरच हाय. तेच तर." तो पेपर उलटत राहिला. "काठ मागं दुमडून टाचण्या लावून बघितल्या. तर म्हणाली, दुमडला तरी हाय तिथंच न्हवं? काठ असल्याबिगर कापड असतंय हे त्यांना पटतच न्हाय. सगळ्यांच्या आया तसलीच लुगडी नेसतात."

त्या रविवारी त्यानं वडिलांकडं दुसरं कापड मागितलं. बिनकाठाचं. नीलम तिथं होती, बायाक्कानं तिला भाकरी खायला बसवलं होतं.

तम्मण्णांनी लूम बंद केला. खडखडाट थांबला की त्या घरात सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं.

"बिनकाठाचं कापड या घरात विणत न्हाईत," ते म्हणाले.

"आप्पा, ते कापड न्हाय. फळा हाय."

"सुताचं हाय न्हवं? मागावर हाय न्हवं? मग कापड." त्यांनी हात पुसले. "माझ्या बानं सांगितलंय. काठ नसलेलं कापड माणसाला एकदाच लागतंय. ते आपल्या हातनं नको."

"अकरा पोरांचं वर्ष हाय."

"पोरांचं वर्ष असू दे. तू माझा हाईस."

बायाक्का म्हणाली, "बाजारातनं काळं कापड आण की रं. पांढऱ्या रंगानं रेघा मार. कोण बघतंय?"

साईनाथ नीलमला पोचवायला उठला. जाताना नीलमनंही तेच विचारलं. दोनशे रुपयांत होईल, कशाला एवढा वाद?

"व्हय, होईल," तो म्हणाला. गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आला. मग म्हणाला, "न्हाय. आप्पा कधी माझ्या वर्गात आले न्हाईत. बोलावलं तरी येत न्हाईत, लाजतात. त्यांचं कापड तेवढं येऊन बसतंय."

पंधरा दिवस बापलेक एकमेकांशी कामापुरतं बोलले. बायाक्का नीलमला सांगायची, "दोघं सारखेच हाईत. एकानं तरी वाकावं."

आणि मग नीलमनं ती थट्टा केली. जानेवारीतला शनिवार होता. साईनाथ तोंड पाडून उभा होता. ती वह्यांचा गठ्ठा बांधत म्हणाली, "मग दोघंही थोडं सोडा. अर्धा काठ घाला, अर्धा राहू दे."

तो तिच्याकडं बघतच राहिला.

"अगं," तो म्हणाला, "डावीकडं आणि खाली खरंच हद्द हाय."

"कसली?"

"तास उणे होत न्हाईत. एक्स शून्याच्या खाली जात न्हाय, वाय बी जात न्हाय. तिथं काठ पायजेच. उजवीकडं न्हाय, वर न्हाय." त्यानं दुकानातला एक आलेख-कागद ओढला, डावी आणि खालची कड लाल केली आणि तसाच घराकडं निघाला. पैसे द्यायचे राहिले. मालकांनी ते नीलमकडून घेतले.

घरी काय झालं ते बायाक्कानं तिला सांगितलं. तम्मण्णांनी कागद बराच वेळ हातात धरला होता.

"उजवीकडं हे कुठपर्यंत जातंय?" त्यांनी विचारलं.

"संपत न्हाय आप्पा."

"संपत न्हाय म्हणजे?"

"कागद संपतो. ते पुढं जातच राहतंय."

तम्मण्णांनी हनुवटी खाजवली. "म्हणजे काठ घालाय जागाच न्हाय."

"व्हय."

"जागा असून घातला न्हाय, असं न्हाय."

"न्हाय."

"मग चालतंय," तम्मण्णा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः हातमागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लावायला बसले. डाव्या कडेला तीन बोटं लाल सूत. उजवीकडं काळंच. चार दिवस लागले. लावून झाल्यावर म्हणाले, "विणायचं मात्र तू. त्या उजव्या बाजूला माझी नजर ठरत न्हाय."

रविवारी साईनाथ मागावर बसला. दहा-बारा वर्षांनी बसत होता. नीलम दारात उभी राहून बघत होती. खालचा लाल काठ विणायला त्याला दीड तास लागला. दोनदा सूत तुटलं. तम्मण्णा पुढच्या खोलीतून ओरडून सांगायचे, "ठोक जरा जोरात मार. पेपर तपासाय लागलास काय?"

मग हात बसला. धोटा इकडून तिकडं जायला लागला, दर धाग्यामागं फणीची ठोक बसायला लागली. ऐंशी काळे धागे, चार पांढरे, की एक घर. तो मोठ्यानं मोजत होता आणि नीलमशी बोलतही होता, त्यामुळं एकोणसाठनंतर पुन्हा एकोणसाठ येत होतं.

"एक धागा जास्त झाला तर?"

"तर राणीला कळंल," तो म्हणाला. "तिला सगळं कळतंय. काठ सोडून."

दुपारपर्यंत नऊ घरं झाली. बायाक्का तिसऱ्यांदा जेवायला हाक मारून गेली. त्यानं मागाच्या लाकडावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि उठला. पाठ धरली होती.

"पुढच्या रविवारी उरकतो," तो म्हणाला. "सोमवारी वर्गात. परीक्षेला सहा आठवडे राहतात. लई झाले."

गुरुवारी सकाळी जांबोटीच्या रस्त्याला दाट धुकं होतं. समोरून टेंपो आला. दुकान उघडायच्या आधी नीलमचा फोन वाजला. पलीकडून बायाक्काचा आवाज आला, पण शब्द कळेनात. नीलम नुसतं "काय झालं, काय झालं" म्हणत राहिली. तिला वाटलं तम्मण्णांना काही झालं.

दुपारी त्याला घरी आणलं. शेजारच्यांनी पांढरं कापड आणलं होतं. तम्मण्णांनी ते बघितलं, उठून आत गेले, आणि ठेवणीतलं लाल काठाचं धोतर घेऊन आले. ते त्यांनी वरून पांघरलं. चारी बाजू सारख्या केल्या. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, असं करत न्हाईत."

"ह्याला काठ पायजे," तम्मण्णा म्हणाले.



बाराव्यानंतरच्या रविवारी ती अकरा मुलं आली. साडेनऊच्या परतीच्या बसनं आली होती. बायाक्कानं त्यांना चटईवर बसवलं. नीलमनं पाणी दिलं.  राणी म्हणाली, "सर दुसरं कापड आणतो म्हणालते." आणि लगेच, "मागाय आलो न्हाय. नुसतं बघावं वाटलं."

त्यांना अजून नवे शिक्षक मिळाले नव्हते. परीक्षा महिन्यावर होती.

तम्मण्णा उठले. मुलं त्यांच्यामागून मागच्या खोलीत गेली. माग होता तसाच होता. त्यावर खाली लाल काठ, डावीकडं लाल काठ, आणि मधे नऊ रांगा पांढरी घरं. मुलं अंग चोरून उभी राहिली. राणी वाकली. उजव्या कडेवर बोट फिरवलं.

"इकडं न्हाय," ती म्हणाली.

"तिकडं संपत न्हाय," तम्मण्णा म्हणाले. "तो सांगत होता. जागाच न्हाय काठाला."

राणी कडेकडं बघत राहिली. मग नीलमकडं वळून, जणू तीच शिक्षिका, म्हणाली, "म्हणजे अनबाउंडेड."

नीलमनं मान हलवली. 

बाकीच्यांनी एकेक करून तिथं बोट लावलं. मग ती बस गाठायला निघून गेली.

बायाक्का म्हणाली, "पुरं करा की हो ते. लेकरं एवढ्या लांबून आली. दोन दिवसांचं काम."

तम्मण्णा खाली बघत होते. "मी ताणा लावायला नको होता," ते म्हणाले. "बानं सांगितलेलं. लेकरानं जरा कागद दाखवला आणि मी फसलो."

"आप्पा, ते मी सुचवलं होतं," नीलम म्हणाली. हे ती पंधरा दिवस मनात घेऊन फिरत होती. "अर्धा काठ घाला म्हणून. मी म्हटलं होतं."

तम्मण्णांनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही.

"तू तोंडानं म्हटलंस, पोरी. मी हातानं लावला."

धुकं होतं, टेंपो होता, हे तिला सांगायचं होतं. सुताचा आणि टेंपोचा काही संबंध नाही, हेही. हे सगळं त्यांनाही माहीत होतं.

मग ते मागावर बसले. पायट्यांवर पाय ठेवले. धोटा उचलला. बायाक्का पदर तोंडाशी धरून उभी होती. नीलमला वाटलं, आता ठोक ऐकू येईल.

त्यांनी विणलेल्या भागावरून तळहात फिरवला. दोनदा फिरवला. मग धोटा होता तिथं ठेवला.

"त्याची ठोक हलकी होती," ते म्हणाले. "माझी जड. त्याच्या घरांवर माझी घरं आली की वरची घरं बारकी हुतील. पोरं चुकीचं मोजतील."

हे खरं आहे की नाही, नीलमला कळत नाही. तिनं गल्लीतल्या दुसऱ्या विणकराला विचारलं. तो म्हणाला, खरं असू शकतं. सांभाळून ठोकलं तर होतंही. तिनं ते तम्मण्णांना सांगितलेलं नाही.

परीक्षेला आता पंधरा दिवस आहेत. पुढच्या खोलीतले लूम चालू झालेत. मागच्या खोलीत कुणी जात नाही. कापड ताणलेलं आहे, धोट्यात काळ्या सुताची अर्धी कांडी आहे. मागाच्या लाकडावर साईनाथच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय, घर दहावं, काळे बत्तीस. त्या घराचे अठ्ठेचाळीस काळे राहिलेत, चार पांढरे राहिलेत, आणि वर आणखी दहा घरं.